सुई ओवणारी बाई

७ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला माझं काही ऐकू येत नाही आणि तू नुसती 'हो, हो' म्हणत राहतेस, म्हणून पत्र. मागच्या खेपेला मी गुडघा दुखतोय म्हणाले, तर तू म्हणालीस, 'छान झालं, आता सगळ्यांना कळव.'

तर बातमी अशी की इथल्या संग्रहालयानं बाबांच्या चित्रांचं प्रदर्शन करायचं ठरवलंय. स्वतंत्र, फक्त त्यांचं. जिवंत होते तोवर शाळेतले चित्रकलेचे मास्तर एवढीच त्यांची ओळख, आणि जाऊन अकरा वर्षं झाल्यावर आता लोक घरी येऊन विचारतात, अजून काही आहे का. 'सुई ओवणारी बाई' मध्यभागी लागणार आहे. परवाच ते चित्र उतरवून नेलं. जेवणघराच्या भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. मी तिकडे पाठ करून जेवते.

उद्घाटन वीस मार्चला. मी चार शब्द बोलावेत असं त्यांचं म्हणणं आहे, आणि चित्राखालच्या पाटीसाठी चित्रातली बाई कोण ते त्यांना हवंय. मी सांगितलं, चित्रकाराची पत्नी, माझी आई. ते लिहून घेताना त्या माणसानं मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, जुळवून बघतात तसं. मला बरं वाटलं.

मावशी, तुला ठाऊक आहे, आईचा दुसरा चेहरा माझ्याजवळ नाही. लग्नातल्या त्या एका फोटोत तिनं नेमकी त्या क्षणी मान वळवली, आणि सगळ्या शहाण्या माणसांच्या मधोमध तिच्या जागी एक धुरकट डाग. ती गेली तेव्हा मी साडेतीन वर्षांची होते, मला काही म्हणजे काही आठवत नाही. जे आहे ते या चित्रात. म्हणून विचारते. हे चित्र झालं तेव्हा तू आमच्याकडेच होतीस ना? काहीतरी सांग तिच्याबद्दल. ती बसायची कशी, काय बोलायची. बाबांना विचारलं की ते ब्रश धुवायला उठायचे.

एक गंमत. मी दिवसभर दुकानात लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे माझं लक्ष तिकडेच जातं. ही बाई सुईत दोरा ओवतेय, पण तिची नजर सुईवर नाही. सुईच्या बरीच पलीकडे आहे. असा दोरा कधी ओवला जाईल?

तुझी
पोर


१५ जानेवारी

बयो,

पत्र पोचलं. तुझं अक्षर बघून वाटलं, डोळे तपासणाऱ्या बाईनं असं लिहावं म्हणजे गिऱ्हाइकं वाढवायचाच धंदा.

प्रदर्शन होतंय हे ऐकून बरं वाटलं. त्यांना स्वतःला ते आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. माणसं जमली की ते कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे.

माझं ठीक आहे. इस्पितळाच्या कपडेखोलीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी हात स्वस्थ बसत नाहीत. खालच्या मजल्यावरच्यांच्या चादरींना ठिगळं लावून देते. त्या म्हणतात, 'बाई, जरा बसा की.' मला बसणं जमत नाही, हे त्यांना कुठं सांगू.

बोलायला उभी राहिलीस तर थोडक्यात बोल. आई, बाबा, आठवणी असलं फार नको. लोक चित्र बघायला येतात. पाटीवर 'घरातली बाई' लिहिलं तरी पुरे आहे. नातं कशाला? माणूस कोण ते सांगितलं की लोक चित्र बघायचं सोडून माणूस शोधायला लागतात.

तुझी आई कशी बसायची म्हणतेस. आईसारखी बसायची. काय सांगू आणखी? चाळीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी.

नजरेचं म्हणशील, तर बाबांनी चुकून काढली असेल.

गुडघ्याला शेक दे.

मावशी


२८ जानेवारी

मावशी,

बाबा आणि चुकून! 'दिसतं तेच काढायचं, दिसलं नाही ते काढायचं नाही,' हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या दुकानाच्या दारावर लावायला हरकत नाही.

चित्र आता साफ होतंय. एक बाई आहेत, चित्रं साफ करणं हेच त्यांचं काम. मोठी दुर्बिणीसारखी भिंगं डोळ्यांवर लावून बसतात. मी दर बुधवारी दुकान लवकर बंद करून जाते. ऐक, तुला हसू येईल. आधीची धूळ आणि धूर त्यांनी चक्क थुंकीनं काढला. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि हलक्या हातानं फिरवायचा. म्हणे त्याच्याइतकं सौम्य दुसरं काही नाही. त्यानंतर पिवळं पडलेलं व्हार्निश औषधानं काढतात, एका वेळी तळहाताएवढं. डावीकडून सुरुवात केलीय. खिडकी झाली. खिडकीतला उजेड आपल्याला वाटत होता तसा मधासारखा नाहीच, चांगला थंड आणि राखाडी आहे.

आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक बाटली निघाली! इतकी वर्षं तिथं नुसता तपकिरी अंधार होता. चपटी औषधाची बाटली, आणि तिला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली, किती डोस उरले ते कळायला. दोन डोस उरलेत. बाबांनी पट्टीचे दातेसुद्धा काढलेत. तू एकदा म्हणाली होतीस, आई आजारी पडली ते चित्र झाल्यानंतर. मग ही बाटली कुणाची?

खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर खडूच्या खुणा आहेत, त्याही काढल्यात. साफ करणाऱ्या बाई हसून म्हणाल्या, 'दुसरा कुणी असता तर खुणा सोडून दिल्या असत्या. तुमचे वडील भलतेच प्रामाणिक.'

त्यांनी आणखी एक सांगितलं. या चित्रानंतर बाबांनी एकदाही माणूस रंगवलेला नाही. भांडी, खुर्च्या, खिडक्या, वाळत घातलेले टॉवेल, पण माणूस नाही. मी त्यांची मुलगी, आणि हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

तुझी
पोर


७ फेब्रुवारी

बयो,

तुमच्या घरात होते तोवर त्या चित्रावर मी माशी बसू दिली नाही, आणि आता कुणीतरी पगारी बाई त्यावर थुंकते. चालू दे.

बाटली तुझ्या आईचीच. आजार तेव्हा सुरू झालेला होता. छातीचा होता, चढत उतरत असायचा. मी मागं वेगळं सांगितलं असेल तर तू लहान होतीस म्हणून सांगितलं असेल.

तुला काहीतरी हवंच आहे म्हणून लिहिते. ते चित्र हिवाळाभर चाललं होतं. सकाळी नऊ ते अकरा, तेवढाच त्यांना हवा तसा उजेड यायचा. शाळा दुपारची. खुर्ची हलू नये म्हणून खडूच्या खुणा. घड्याळाची टिकटिक नको म्हणून ते कपड्यांत गुंडाळून कपाटात ठेवायचे, आणि मग किती वाजले ते कुणालाच कळायचं नाही. नळाला फडकं बांधायचे. तुला सकाळी शेजारच्या शिंपीणबाईंकडे सोडायचं, कारण तू घरात असलीस की एका जागी नसायचीस. तिथं तू चिंध्यांच्या ढिगात खेळायचीस. एवढं सगळं केल्यावर मग घरात ती शांतता यायची. लोक म्हणतात ना, काय शांत घर आहे. घर शांत नव्हतं गं. शांत केलं होतं.

वीस वीस मिनिटं हात तसाच धरून बसायचं. उजव्या खांद्यात अशी कळ निघायची की डोळ्यांपुढं काजवे. ते म्हणायचे, 'श्वास घे, पण दिसू देऊ नकोस.'

पुरे झालं. आता यातलं काय बोलायचं ते बोल, आणि पाटीवर मी म्हटलं तेच लिही.

मावशी


२० फेब्रुवारी

मावशी, मावशी,

तुला आईच्या खांद्यातली कळ बरी ठाऊक! तूच तेल चोळून देत असशील. वाचताना वाटलं, जणू तूच बसली होतीस.

आता नीट बसून वाच. (बस म्हटलं की उठू नकोस.)

चित्राचा उजवा भाग साफ झाला. तिच्या मागं जी काळी भिंत होती ना, ती भिंत नाहीच. दार आहे, अर्धवट उघडं. दारातून आतली खोली दिसते, अंधारातली. तिथं पलंगाचं एक टोक आहे, आणि पलंगावर राखाडी घोंगडीखाली कुणाचं तरी पाऊल आहे. फक्त पाऊल, उभं, एवढासा उंचवटा. साफ करणाऱ्या बाईंनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, 'आत कुणीतरी झोपलंय.'

मावशी, ती मी आहे!

तू म्हणतेस मला शेजारी सोडायचात. पण रोज थोडीच सोडलं असेल? एखाद्या दिवशी ताप असेल, एखाद्या दिवशी उठलेच नसेन. आणि बघ, सगळं कसं जुळतं. ती सुईकडे बघत नाही, कारण तिचा कान आतल्या खोलीकडे आहे. पोर जागी झाली का, रडते का. मला चव्वेचाळीस वर्षांची झाल्यावर कळतंय की त्या चित्रात मी आहे. आई माझी चाहूल घेत बसलीय, आणि बाबांनी ते पाहिलं आणि काढलं. मी दुकानात एका आजोबांना खालची ओळ वाचायला सांगत होते आणि रडायलाच लागले. ते बिचारे घाबरले. म्हणाले, 'इतके वाईट आहेत का डोळे?'

संग्रहालयाचे प्रमुख खूष आहेत. पाटीवरचा मजकूर ठरला: 'चित्रकाराची पत्नी, आतल्या खोलीत झोपलेल्या मुलीची चाहूल घेताना.' सोळा मार्चला पाटी छापायला जाणार. आणि मी बोलणारही हेच आहे.

माझ्या आयुष्यात आईनं माझ्यासाठी केलेली एवढी एकच गोष्ट मला माहीत आहे. आणि ती आजवर धुराखाली झाकलेली होती. तू मला कधी सांगितलं का नाहीस?

तुझी
पोर


८ मार्च

मावशी,

अडीच आठवडे झाले, उत्तर नाही. खालच्यांना फोन केला तर म्हणाल्या, तू ठीक आहेस, सकाळपासून चादरी घेऊन बसलीयेस, आणि तीन दिवस कुणाशी धड बोलली नाहीस. तब्येत बरी नाही का? मी काही चुकीचं लिहिलं का? प्रदर्शनाला तू यावंस अशी माझी फार इच्छा आहे. हे तुला गाडी घेऊन आणायला येतील. नाही म्हणू नकोस.

दोन ओळी तरी लिही.

पोर


११ मार्च

बयो,

मी गाडीत बसणार नाही. का, ते या पत्रात आहे. सोळा तारखेच्या आत पोचावं म्हणून खालच्यांच्या मुलीकडून जलद टपालानं पाठवते आहे.

पलंगावर तू नाहीस. तू त्या दिवशी शिंपीणबाईंकडे होतीस. रोजच असायचीस. पलंगावर तुझी आई आहे.

आणि खुर्चीवर मी आहे.

हे लिहून मी उठले, भांडी घासली, पुन्हा आले. आता सगळं एकदाच लिहिते.

ताई त्या वर्षी पावसाळ्यानंतर अंथरुणाला खिळली, म्हणून मी तुमच्याकडे आले. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. तिचं औषधपाणी, तुझं खाणंपिणं, स्वयंपाक. तुझ्या बाबांना घरात स्वस्थ बसवत नव्हतं आणि बाहेर जाववत नव्हतं. चित्राची कल्पना ताईचीच. म्हणाली, 'त्यांना काहीतरी काम दे गं, नाहीतर ते माझ्याकडे बघत बसतात.' म्हणून मी बसले. आमचे चेहरे एकसारखे होते, फक्त तिचं कपाळ मोठं होतं आणि हसली की तिचा खालचा ओठ एका बाजूला जायचा. तुझाही जातो. चित्रातल्या बाईचा गेला असता का हे कुणाला कळणार, ती हसतच नाही.

चेहरा त्यांनी शेवटपर्यंत ठेवला होता. हात, सुई, फरशी, दार, पलंग, सगळं झालं होतं, चेहऱ्याच्या जागी नुसता कापडाचा रंग. त्या दिवशी उजेड चांगला होता. बसून दहा मिनिटं झाली असतील आणि आतून ताईची हाक आली. मोठी नाही. तिच्यात मोठ्यानं बोलण्याइतकं बळ उरलं नव्हतं. पण त्या घरात तेव्हा घड्याळसुद्धा वाजत नव्हतं. टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

मी उठणार होते. मान एवढीशी उचलली असेल. आणि तुझे बाबा म्हणाले, 'हलू नकोस. आहे तशी राहा. मिळालं.'

मी हलले नाही.

हाक पुन्हा आली, आधीपेक्षा लहान. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण नजर हलवायची नव्हती. ते भराभर रंगवत होते, ब्रशचा आवाज येत होता. मला वाटलं, दोन मिनिटं. ताई रोज दहादा हाक मारायची, उशी वर करायला, घोटभर पाण्याला. दोन मिनिटांनी काय होतंय? मग हाक आली नाही. मला वाटलं, झोप लागली. माझ्या मनात आलं, बरं झालं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, की मला बरं वाटलं होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. घड्याळ कपाटात होतं. त्यांनी ब्रश खाली ठेवला तेव्हा मी हात खाली घेतला, खांदा चोळला, आणि मग आत गेले.

तुझे बाबा कानांनी धड होते, बयो. हाक मला ऐकू आली तशी त्यांनाही आली होती. दिसतं तेच काढायचं हा त्यांचा नेम, आणि त्यांना समोर हाक ऐकून न उठणाऱ्या बाईचा चेहरा दिसला. तोच त्यांनी काढला. आम्ही दोघं त्यावर एका शब्दानंही बोललो नाही. तू शाळेला जायला लागलीस, कॉलेजात गेलीस, तुझं लग्न झालं, मी तुमचं घर सोडलं, तोवर एका शब्दानं नाही. त्यांनी माणसं काढायचं सोडलं आणि मी बसायचं.

आता पुढचं. चित्र भिंतीला टेकवून ठेवलं होतं. दीडेक महिन्यानं तू त्याच्यापुढं जाऊन उभी राहिलीस आणि बोट दाखवून म्हणालीस, 'आई.' मी पोळपाट पुसत होते. ते दारात होते. आम्ही एकमेकांकडे बघितलं. तू ताई गेल्यापासून पहिल्यांदा हसली होतीस. नाही कोण म्हणणार होतं? मला वाटलं, दोन दिवसांनी सांगू. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खिळा ठोकून चित्र जेवणघरात टांगलं.

तुझ्या आईचा चेहरा मी नेला. आज तो परत मागितलास तर द्यायला माझ्याजवळ दुसरा नाही. पण त्या हॉलमध्ये चार लोकांपुढं उभी राहून तू म्हणशील की ही माझी आई, माझ्यासाठी कान देऊन बसलीय, आणि ती मी असेन, तेही असं करत असताना. तेवढं मला सोसवणार नाही. तू मला काय म्हणायचं ते म्हण. पाटी मात्र बदल.

मावशी


२६ मार्च

मावशी,

तुझं पत्र चौदाला मिळालं. वीस तारखेपर्यंत मी ते कुणाला दाखवलं नाही. यांनी विचारलं, मावशी येतेय का? मी म्हटलं, तिला बरं नाही.

पाटी बदलली. प्रमुख नाराज झाले. आधीची जास्त छान होती म्हणाले. आता एवढंच आहे: 'चित्रकाराची मेहुणी. आतल्या खोलीत चित्रकाराची पत्नी.' मी भाषण केलं नाही. माइकपुढे जाऊन म्हणाले, या चित्राबद्दल मला काही माहीत नव्हतं, आणि खाली आले. लोकांना वाटलं मी गहिवरले.

नंतर गर्दी पांगल्यावर जवळ गेले. दोन बायका उभ्या होत्या. एक म्हणाली, 'बघ ना, किती शांत वाटतं.' दुसरी म्हणाली, 'आपल्या घरात असं पाच मिनिटं मिळेल तर शपथ.' मला वाटलं त्यांना धरून हलवावं. हलवलं नाही. मीही चाळीस वर्षं तेच म्हणत आलेय.

मला राग आहे. कुणावर, ते रोज बदलतं. बाबांवर असतो तेव्हा सोपं जातं, ते समोर नाहीत. तुझ्यावर असला की अवघड होतं, कारण मला एकच दिसत राहतं. मी जेवायला बसलेय, तू वाढतेयस, आणि मी तुझ्याकडे न बघता भिंतीकडे बघतेय. कितीदा मी तुला म्हणाले असेन, 'आई असती तर असं केलं नसतं.' आणि तू मुकाट्यानं आणखी एक पोळी वाढायचीस. तू एकदाही का नाही म्हणालीस की बाई, ती मीच आहे? एकदा तरी चिडायचंस.

त्या पावलाकडे मी खूप वेळ बघत होते. साफ करणाऱ्या बाई म्हणाल्या, ते तीन फटकाऱ्यांत काढलंय. म्हणजे आई माझ्या वाट्याला तीन फटकारे आली. तेही घोंगडीचे.

एक विचारायचं आहे आणि मग मी बरेच दिवस लिहिणार नाही. तू लिहिलंस, हाक आली. दोनदा लिहिलंस. हाक काय होती, ते लिहिलं नाहीस. तू इतकं सगळं लिहिलंस, नळाचं फडकंसुद्धा. हेच तेवढं राहून गेलं असं मला वाटत नाही. ती काय म्हणाली?


१ एप्रिल

बयो,

राहून गेलं नव्हतं. हे मी माझ्याबरोबर घेऊन जाणार होते.

ताई मला हाक मारताना 'अगं ए' म्हणायची. त्यांना ती हाकच मारायची नाही, नुसती खाकरायची. ती हाक आमच्यापैकी कुणाला नव्हती. तुला होती. तुला शेजारी पोचवलंय हे तिच्या ध्यानात राहिलं नसेल, किंवा राहिलं असेल आणि तरीही मारली असेल. आणि मी खुर्चीत बसून मनाशी म्हटलं, पोर घरात नाही, हाक माझी नाही. मी उठले नाही त्याचं कारण हे. लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. शिंपीणबाईंचं दार आपल्या दारापासून आठ पावलांवर. मी उठले असते तर तुला कडेवर घेऊन परत यायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तुला हे कसं सांगणार होते? आई नाही एवढं पोराला पुष्कळ झालं. तिनं बोलावलं होतं आणि तुला कुणी नेलं नाही, हे घेऊन पोरीनं कसं वाढायचं?

ती म्हणाली, 'भिंगरे, इकडे ये गं. बघू दे तुला.' दुसऱ्यांदा नुसतं, 'भिंगरे.'

तुला ती भिंगरी म्हणायची, तू सारखी गोल गोल फिरायचीस म्हणून. ते नाव फक्त ती घ्यायची. त्या दिवसापासून घरात ते कुणी घेतलं नाही. तू एकदा शाळेतून येऊन विचारलं होतंस, सगळ्या मुलींना लाडाचं नाव आहे, माझं काय? मी म्हटलं होतं, तुला नव्हतं.

तिचा आवाज बसका होता, दुखण्यानं आणखी बसला होता. पण ही एक हाक ती शेवटी वर न्यायची, 'रे'वर, आणि तिथंच थोडी सोडून द्यायची, जशी तू ती झेलणार आहेस. आज सकाळी दार लावून मी मोठ्यानं म्हणून पाहिली. माझ्या तोंडून ती नीट निघत नाही. कुणाला मारायची ते माणूस समोर नसलं की हाक लटकीच वाटते.

तू लिहिणार नाहीस म्हणतेस, नको लिहूस. राग गेला नाही तरी एकदा ये. उंबऱ्यात उभी राहा, आत येऊ नकोस हवं तर. मी तिच्यासारखी हाक मारीन.

मावशी